पेटीतल्या कागदांवरून मूळ गाव कसं शोधायचं (सोलापूरच्या तेलुगू घरांसाठी)

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, मूळचे कुठले तुम्ही, तर उत्तर येतं "तिकडले, करीमनगरकडले" नाहीतर "वरंगल साईडचे", आणि गाडी तिथंच थांबते. गावाचं नाव पणजोबांना पाठ होतं, आजोबांना आठवत होतं, वडिलांनी नुसतं ऐकलं होतं आणि आपल्यापर्यंत फक्त जिल्हा पोचला. पण बहुतेक घरात माळ्यावर किंवा दिवाणाखाली एक पत्र्याची पेटी असते, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे कागद कोंबलेले असतात आणि कुणी फेकतही नाही, कुणी वाचतही नाही. त्या पेटीवरून तीन-चार पिढ्या मागं जाता येतं, आणि नीट वाचलं तर गावाच्या नावापर्यंतसुद्धा पोचता येतं. कसं ते सांगतो. मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर घरातला आहे म्हणून उदाहरणं त्याच घरांची येतील, पण पद्धत कुणालाही चालेल, अगदी कर्नाटकातून आलेल्यांनाही.

आधी थोडं पार्श्वभूमीचं, कारण हे डोक्यात नसेल तर कागद हातात धरूनही कळत नाही. सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, वाडी-सिकंदराबाद लाईन झाली १८७४ ला, १८७६ ते ७८ मोठा दुष्काळ पडला आणि १८७७ ला 'जुनी मिल' ही कापडगिरणी उभी राहिली. म्हणजे तिकडं पोट भरेना आणि इकडं मागावर नाहीतर मिलमधे काम मिळत होतं, हे सगळं एकाच सुमाराला झालं. त्यानंतरही लोक टप्प्याटप्प्यानं येतच राहिले, कुणी १९१० ला, कुणी १९४८ च्या हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या आसपास, म्हणून आपलं घर कुठल्या लाटेत आलं हे सुरुवातीला धरून चालू नका, कागदांना सांगू द्या. दुसरं म्हणजे गाव होतं निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. त्यामुळे एकाच पेटीत दोन सरकारांचे कागद, दोन नाणी, दोन-तीन प्रकारची सालं आणि तेलुगू, मराठी, मोडी, उर्दू, इंग्रजी अशा लिप्या निघतात, आणि आजच्या पिढीला घरात तेलुगू बोलता येत असलं तरी वाचता फक्त मराठी येतं. गाव हरवलं ते इथं.

स्वित्झर्लंडमधे एक पद्धत आहे ती मला फार आवडते. तिथल्या नागरिकाच्या पासपोर्टवर जन्माचं गाव नसतं, घराण्याचं मूळ गाव असतं, आणि माणूस तिथं आयुष्यात एकदाही गेलेला नसला तरी ते वारशानं पुढं येतं. मग अमेरिकेत जाऊन चार पिढ्या झालेल्या घराला सुद्धा जुन्या कागदावर ते एक नाव सापडलं की त्या गावच्या दप्तरात घराणं शोधता येतं. आपल्याकडं हे काम सरकारनं केलेलं नाही, ते आपल्यालाच निरनिराळ्या कागदांच्या कडेकोपऱ्यातून गोळा करायचंय.

आता पेटी उघडली की पहिली ओढ काय होते, सगळं बाहेर काढून सरळ साल लावत बसायची. तसं अजिबात करू नका. आधी पेटीचा आहे तसा मोबाईलवर फोटो काढा, मग एकेक पुडकं काढताना पुन्हा फोटो. कारण कुणीतरी कधीतरी हे कागद एका हिशोबानं एकत्र बांधलेले असतात, एका सुतळीत बांधलेल्या चार चिठ्ठ्यांचा एकमेकींशी संबंध असतो, आणि ती सुतळी सुटली की तो संबंध पुन्हा जुळवता येत नाही. प्रत्येक पुडक्याला नंबर, त्यातल्या प्रत्येक कागदाला मागच्या बाजूला कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक नंबर, पेननं नाही. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच करायचं नाही, ते एकदा केलं की कागद कायमचा गेला. मोबाईलचा फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद, आणि दोन्ही बाजूंचा काढा, मागं कोरं दिसत असलं तरी. ठेवायला धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट चांगलं, जुन्या कचेऱ्यांत दप्तर कापडी रुमालात बांधायचे ते उगाच नाही. आपल्याकडचा उन्हाळा माहितीये, तेव्हा पत्र्याखाली माळ्यावर परत ठेवू नका, खालच्या खोलीत कपाटात ठेवा, कसर आणि वाळवी अधूनमधून बघत जा.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कागदावर काय लिहिलंय ते वाचायच्या आधी तो कागद कुणी आणि कशासाठी केला ते बघा. कागद करणाऱ्याला ज्या गोष्टीशी मतलब होता तेवढीच त्यानं नीट लिहिलेली असते, बाकी सगळं अंदाजपंचे. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. गुरुजींना पोरगं पहिलीत बसवायचं होतं, वय बसतंय ना एवढंच बघायचं होतं, म्हणून आजोबांची जन्मतारीख १ जून. अर्ध्या सोलापूरचे आजोबा १ जूनला जन्मलेत. ती तारीख खरी धरून पुढं गणित मांडलं की सगळं चुकत जातं. पण त्याच दाखल्यावर जनरल रजिस्टरचा नंबर असतो, तो खरा असतो, कारण तो शाळेला स्वतःला लागत होता. तसंच रेशनकार्डावरची वयं सोडून द्या, पण घरात त्या साली कोण कोण जेवत होतं ते मात्र त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

या हिशोबानं बघितलं तर गावाचं नाव कुठल्या कागदावर खरं आणि अचूक असणार? ज्याला गावाशी खरोखर काम होतं त्या कागदावर. आणि तसे दोन कागद आपल्या घरांत हमखास निघतात, मनीऑर्डरच्या पावत्या आणि आहेराची वही.

इथं मिलमधे किंवा मागावर लागलेला माणूस गावाकडं आईला, थोरल्या भावाला पैसे पाठवायचा. गावाचं नाव चुकलं तर पैसे जाणार नाहीत, त्यामुळे ते नाव आणि पोस्ट बरोबरच लिहिलेलं असतं. पाठवल्याची पावती असते आणि दुसरी असते पोच, पैसे घेणाऱ्याची सही होऊन परत आलेली. ती पोच मिळाली तर तिच्याकडं नीट बघा. छोटासा कागद, मधोमध घडी पडून पिवळा झालेला, खाली सहीच्या जागी जांभळट शाईचा अंगठा, त्याच्या शेजारी साक्षीदाराची तेलुगू सही आणि वर तिकडच्या पोस्टाचा गोल शिक्का. अंगठा तुमच्या पणजीचा असू शकतो, आणि शिक्क्यात पोस्ट आणि तारीख दोन्ही असतात. शिक्का पुसट असेल तर कागद तिरपा धरून, बाजूनं बॅटरीचा उजेड टाकून फोटो काढा, मग मोबाईलमधे कॉन्ट्रास्ट वाढवा, निम्मी अक्षरं तरी लागतात. एवढंच की पोस्ट ज्या गावात आहे तेच आपलं गाव असेल असं नाही, छोट्या गावांना शेजारच्या मोठ्या गावचं पोस्ट असायचं, म्हणून पत्त्यात गाव वेगळं आणि पोस्ट वेगळं लिहिलंय का ते बघा. जुन्या पोस्टकार्डांचंही तसंच, निजामाचं स्वतःचं टपाल खातं होतं आणि ते १९५० पर्यंत चाललं, त्यामुळे त्या काळातल्या तिकिटावर किंवा शिक्क्यावर उर्दू दिसलं तर दचकू नका, उलट आनंद माना, कार्ड तिकडूनच आलेलं आहे.

आहेराची वही म्हणजे तर खजिना. लग्नात दारात बसून कुणी किती दिले ते लिहून घ्यायचे, कारण उद्या त्यांच्या घरच्या लग्नात तेवढंच परत करायचं असतं. ओळ अशी असते, गाव, नाव, आणि पुढं "५ रु." किंवा "१ लुगडं" किंवा "तांब्या". इंटिपेरू म्हणजे घराचं नाव आधी, मग माणसाचं. आता वहीतली सगळी गावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि कुठल्या गावाचं नाव किती वेळा आलंय ते मोजा. जे गाव पुन्हा पुन्हा येतं ते एकतर आपलं तरी असतं, नाहीतर सोयऱ्यांचं. आपल्याकडं मामाच्या घरात मुलगी देणं चालतं, त्यामुळे दोन-तीन गावांतच सोयरिकी फिरतात आणि ती दोन-तीन गावं एकमेकांपासून फार लांब नसतात. नकाशावर ती टिंबं टाकली की आपलं गाव साधारण कुठल्या पट्ट्यात ते नाव न सापडताही कळतं. दोन लग्नांच्या वह्या मिळाल्या तर आणखी उत्तम, जुन्या वहीत तिकडची गावं जास्त असतात आणि नव्या वहीत साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ हेच दिसायला लागतं, म्हणजे घर सोलापूरचं कधी झालं तेही कळतं. लग्नपत्रिकांचा पण उपयोग होतो, खाली निमंत्रकांची यादी आणि त्यांची गावं असतात, पण पत्रिकेत मान म्हणून नावं घातलेली असतात, वहीत पैसे दिलेल्यांचीच, म्हणून माझा भरवसा वहीवर जास्त.

गहाणखत, कर्जरोखा, घरविक्रीचा कागद असं काही स्टॅम्पपेपरवर असेल तर आधी पाठ बघा. मागच्या बाजूला स्टॅम्प विकणाऱ्यानं कुणाला विकला, राहणार कुठला, तारीख आणि किंमत लिहिलेली असते. तो "राहणार" पुष्कळदा पुढच्या मजकुरापेक्षा कामाचा, कारण मजकूर लिहिणारा ठरलेल्या भाषेत लिहितो आणि विक्रेता समोर उभ्या माणसाला विचारून लिहितो. मग रक्कम बघा. "कलदार" लिहिलं असेल तर इंग्रजी रुपया, "हाली" किंवा "सिक्का" असेल तर निजामाचा, आणि साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. सोलापुरात केलेल्या कागदावर हाली रक्कम दिसली तर समजायचं की व्यवहार गावाकडच्या माणसाशी किंवा गावाकडच्या घराबद्दल आहे.

सालांचा घोळ सोडवणं वाटतं तेवढं अवघड नाही. शक असेल तर ७८ मिळवा, शके १८५२ म्हणजे १९३०. निजामाच्या कागदावर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवा, वर्ष ऑक्टोबरपासून सुरू व्हायचं म्हणून कधी ५९१ धरावे लागतात, फसली १३५० म्हणजे १९४०-४१. आणि नुसतं "प्रभव नाम संवत्सरे" असं असेल तर ही साठ नावं फिरत येतात, प्रभव १८६७, १९२७ आणि १९८७ ला होतं, तिथून पंचांग घेऊन मोजायचं. साठ वर्षांचा फरक कागद, शाई आणि त्यातल्या माणसांवरून ओळखू येतोच.

लिपी वाचायला माणसं शोधा, ॲपवर विसंबू नका. छापील तेलुगू मोबाईल वाचून देतो, हातचं लिहिलेलं नाही. तेलुगू माध्यमात शिकलेली म्हातारी मंडळी आपल्याच गल्लीत आहेत. मोडीसाठी मोडीचे जाणकार आहेत, कुणबी नोंदींची शोधाशोध २०२३ ला सुरू झाल्यापासून तर मोडी वाचणाऱ्यांना खूपच मागणी आली. जुनी हातची उर्दू वाचणारे कमी होत चाललेत, म्हणून उर्दू कागद निघाला तर तो आधी वाचून घ्या, बाकीचे नंतर. वाचणाऱ्याकडं फोटो न्या, मूळ कागद घरीच ठेवा.

नावांकडं जरा मोकळ्या मनानं बघा. गावाकडचा राजय्या इथं राजाराम होतो, लक्ष्मय्याचा लक्ष्मण होतो, व्यंकटय्याचा व्यंकटेश. तिकडं घराचं नाव पुढं असतं आणि इथल्या कारकुनाला ते माणसाचं नाव वाटतं, मग आडनावाच्या जागी बापाचं नाव बसतं आणि एकाच माणसाची तीन माणसं दिसायला लागतात. म्हणून एका माणसासाठी एक पान करा आणि तो कुठल्या कागदावर काय नावानं आलाय ते सगळं जसंच्या तसं लिहा, शुद्ध करून लिहू नका. एकच माणूस आहे हे ठरवायला नाव पुरेसं नाही, बायकोचं नाव, पेठ, मिलचा तिकीट नंबर (कामगाराचा नंबर) यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. इंटिपेरू एक म्हणजे भाऊबंद असंही धरू नका, गोत्र आणि गाव दोन्ही जुळलं तर विचार करायचा.

बायकांबद्दल मला मुद्दाम सांगायचंय, कारण बहुतेक घरांच्या वंशावळीत बायका नसतातच, नुसती बाप-मुलगा-नातू अशी काठी उभी असते. भाडेपावती पुरुषाची, मिलचा पास पुरुषाचा, घर पुरुषाच्या नावावर. पण आपल्या घरातल्या बायकांनी विड्या वळल्यात, आणि विडी कामगाराचं कार्ड, पीएफची चिठ्ठी ही तिच्या स्वतःच्या नावाची असते. कित्येक आज्ज्यांचा स्वतःच्या नावाचा हा एकच कागद असतो आणि तोच लोक "विडीचं कार्ड आहे, काय करायचंय" म्हणून टाकून देतात. टाकू नका ओ. तिचं माहेर शोधायला परत आहेराची वही, तिच्या भावाचा आहेर वेगळा ठळक लिहिलेला असतो.

घरातले कागद संपले की कचेऱ्या. शाळेत जाऊन दाखल्यावरचा रजिस्टर नंबर सांगा आणि प्रवेश-निर्गम उतारा मागा, त्यात जन्मठिकाण आणि आधीची शाळा असा रकाना असतो जो दाखल्यावर कधी कधी उतरत नाही. महापालिकेत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात, पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं बऱ्याचदा, बापाचं नाव, पेठ आणि तारीख असते, तेव्हा शोध बापाच्या नावानं घ्यायचा. महापालिका १९६४ ची, त्याआधी नगरपालिका, म्हणून जुन्या दाखल्याचं शीर्षक वेगळं असेल. घर स्वतःचं असेल तर सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा आणि वारस नोंद जिथं झाली तो फेरफार मागा, माणूस गेल्यावर कोण कोण वारस ते त्यात लिहिलेलं असतं, लग्न झालेल्या मुलींसकट, म्हणजे एका पिढीचं झाड आयतं तयार मिळतं. घराची खरेदी-विक्री झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडं सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, मागा. तेलंगणात जमिनीची पहाणी असते, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखी नोंद, १९५४-५५ ची खासरा पहाणी तिथं पाया मानतात, पण विणकराला जमीन असेलच असं नाही आणि गावठाणातल्या घराची त्यात नोंद नसते, त्यामुळे तिथं नाव सापडलं नाही म्हणून गाव चुकलं असं समजू नका.

हे सगळं चालू असतानाच घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, आणि कागद हातात घेऊन बोला. "काय आठवतंय?" म्हणून काही निघत नाही. पोस्टाची ती पोच हातात द्या, नाव वाचून दाखवा आणि गप्प बसा. साल विचारू नका, सालं कुणाला आठवत नाहीत, घटना विचारा. आईवडील सांगायचे ते मार्शल लॉच्या आधीचं का नंतरचं, म्हणजे १९३०. रझाकारांच्या वेळी गावाकडून कोण पळून आलं, म्हणजे १९४८. बहात्तरच्या दुष्काळात घर कुठल्या पेठेत होतं. किल्लारीच्या भूकंपाला ती होती का, म्हणजे १९९३. रेकॉर्डिंग करा, आणि तेलुगूत बोलू द्या, मराठीत सांगायला लागले की गोष्ट आखडते.

गावाचं नाव हाती लागलं की नकाशावर शोधताना एक अडचण येते. पल्ली, पेट, गुडेम अशी एकाच नावाची गावं ढिगानं आहेत, आणि जिल्हे बदललेत. निजामाचं राज्य गेलं १९४८ ला, १९५६ ला आंध्र प्रदेश झाला, २०१४ ला तेलंगणा, आणि २०१६ ला जिल्ह्यांची मोठी फोड झाली. कागदावर "जि. करीमनगर" असेल तर आज ते सिरसिल्ला, जगत्याल किंवा पेद्दपल्लीत असू शकतं, नलगोंडा असेल तर सूर्यापेट किंवा यादाद्री भुवनगिरी, मेदक असेल तर सिद्दिपेट किंवा संगारेड्डी, वरंगल असेल तर जनगाव. म्हणून जिल्ह्यापेक्षा तालुका आणि पोस्ट धरा, आणि आहेराच्या वहीतली सोयऱ्यांची गावं ज्या नावाशेजारी पडतात ते आपलं.

जायचं असेल तर बतुकम्माच्या, म्हणजे तिकडच्या नवरात्रातल्या सणाच्या दिवसांत जा, तेव्हा बाहेरगावी गेलेली माणसं घरी आलेली असतात. सोबत जुने फोटो, मनीऑर्डरच्या पोचेची प्रिंट आणि तीन पिढ्यांची नावं तेलुगूत लिहून न्या, तिकडल्या रूपात, राजाराम नाही राजय्या. आधी मार्कंडेयाच्या देवळात किंवा पद्मशाली संघात विचारा, मग जुन्या विणकर सोसायटीत. तिथं कुणाला कुनपुली माहीत आहेत का तेही विचारा, पटावर चित्रं दाखवत मार्कंडेय पुराण सांगणारी ही मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या पद्मशाल्यांच्याच घरी मान घेतात आणि आपल्या हक्काची गावं, घरं त्यांना माहीत असतात. एक मात्र पाळा, तिथं गेल्या गेल्या घराचा, जागेचा विषय काढू नका. सोलापूरवरून कुणी कागद घेऊन आलं की लोकांना वाटतं हिस्सा मागायला आले, आणि मग सगळे गप्प होतात. काय शोधताय ते पहिल्या वाक्यात सांगून टाका.

शेवटी लिहिताना प्रत्येक माहितीपुढं ती कुठल्या नंबरच्या कागदावरून घेतली आणि तो मूळ कागद कुणाच्या घरी आहे ते लिहा, ऐकीव असेल तर कुणी सांगितलं ते लिहा. जे जुळत नाही ते तसंच दोन्ही ठेवा, एक खोडू नका, पुढं काकांच्या घरची पेटी उघडली की कदाचित जुळेल. ओबीसी, एसबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे असे जुने कागद निघाले की नातेवाईक मागायला येतातच, त्यांना स्कॅन आणि झेरॉक्स आनंदानं द्या, मूळ कागद हातातून सोडू नका, आणि आधार, बँकेचे कागद चुकूनही ग्रुपवर टाकू नका. फोटोंचा एक संच पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्या शहरातल्या भावाबहिणीकडं, आणि गावात भाऊबंद सापडले तर एक प्रिंट काढून त्यांनाही पाठवा, त्यांच्याकडंही इकडून गेलेली पत्रं पडलेली असणार.